सुई टोचताना मुलाला दाबून धरू नका, कुशीत घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) दुसरा बूस्टर द्यायचा आहे. तीन वर्षांची असताना डेंग्यू झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, प्लेटलेट बघायला रोज रक्त काढलं आणि सलाईनची सुई तीन वेळा बदलली. तेव्हापासून स्पिरिटचा वास आला तरी ती किंचाळते. घरात दीड महिन्याचा भाऊ आहे, त्याचेही पेंटाचे (पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे) डोस आता सुरू होतील. मुलीची भीती कशी घालवायची आणि बाळाला पहिल्यापासून कसं सांभाळायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी आधी मुलांच्या वॉर्डात आणि आता लसीकरण कक्षात सिस्टर आहे. मलमाची किंवा औषधाची मात्रा तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण मूल कसं घ्यायचं, त्याच्याशी काय बोलायचं आणि सुई कधी टोचायची हे आमचं रोजचं काम आहे, त्याबद्दल मी ठामपणे सांगू शकते.

तुमच्या मुलीला दवाखान्यातल्या त्या दिवसांतलं काय आठवत असेल याचा विचार करा. तिला पाठीवर उताणं झोपवलं असेल. एकाने पाय धरले, एकाने खांदे, एकाने हात ताणून ठेवला. आईला बहुतेक "तुम्ही बाहेर थांबा" असं सांगितलं असेल. कोणीतरी "काही नाही गं, काही नाही" म्हणालं आणि त्याच क्षणी सुई आत गेली. शीर सापडली नाही म्हणून तीच सुई आत फिरवली गेली. यातलं टोचण्याचं दुखणं थोड्या वेळात ओसरतं. आपल्याला हलता येत नव्हतं, आई नव्हती आणि मोठी माणसं खोटं बोलली, ही आठवण मात्र राहते. म्हणून पुढच्या वेळी ती सुई दिसण्याआधीच लढायला उभी राहते. तिला पुन्हा चौघांनी धरलं तर डोस दिला जाईल, पण भीती दुप्पट होईल.

एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की हे लाडावलेपण आहे. वेदना खरी आहे आणि ती कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे. वैद्यकशास्त्राला हे उशिरा कळलं. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना मोठ्यांसारखं दुखत नाही असं मानलं जायचं, आणि काही ठिकाणी अगदी लहान बाळांच्या शस्त्रक्रिया पुरेशी वेदनाशामकं न देता होत असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की शस्त्रक्रियेच्या वेळी नीट वेदनाशामक दिलेल्या अकाली बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होतात. पुढे १९९७ मध्ये टोरांटोच्या संशोधकांना आढळलं, की जन्मानंतर भूल न देता सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतर मुलांपेक्षा जास्त आणि जास्त वेळ रडत होती. बाळाला बोलता येत नसलं तरी त्याचं शरीर लक्षात ठेवतं. त्यामुळे तुमच्या दीड महिन्याच्या मुलाचा डोससुद्धा "त्याला काय कळतंय" म्हणून उरकण्याचा नाही. राष्ट्रीय वेळापत्रकात दोन वर्षांच्या आत १४ टोचण्या आहेत, आणि मेंदूज्वराची लस असलेल्या जिल्ह्यांत आणखी दोन. या सगळ्या बाळाच्या अनुभवात जमा होणार आहेत.

मुलीचं आधी पाहू.

तिला आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी सांगा. आठवडाभर आधी सांगितलं तर ती आठवडाभर झुरेल. फिरायला जातोय म्हणून नेलंत तर दारातच विश्वास संपेल आणि पुढे दात दाखवायला नेणंही अवघड होईल. सांगताना साधं बोला: "उद्या दंडावर लस घ्यायची आहे. टोचल्यासारखं वाटेल, एक-दोन-तीन म्हणेपर्यंत संपेल. मी पूर्ण वेळ तुला मांडीवर घेऊन बसणार आहे." यात "दुखणारच नाही" हे वाक्य नाही, कारण ते खोटं आहे. "खूप दुखेल हं, घट्ट राहा" हेही नाही, कारण त्याने भीतीच वाढते. "कसं वाटतं ते मला नंतर सांग, काहींना चिमटा काढल्यासारखं वाटतं, काहींना नुसतं दाबल्यासारखं," असं म्हटलं की तिचं लक्ष भीतीवरून निरीक्षणाकडे वळतं.

ऐन वेळी आपल्या तोंडून आपोआप येणाऱ्या वाक्यांवर मी सर्वात जास्त भर देते. "काही होत नाही", "झालं झालं", "घाबरू नकोस" ही वाक्यं आपण धीर म्हणून बोलतो, पण आईबाप वारंवार अशी समजूत घालतात तेव्हा मुलं जास्त अस्वस्थ होतात असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मूल हुशार असतं. आईचा आवाज बदलला म्हणजे काहीतरी भयंकर येतंय, हे त्याला लगेच कळतं. "शूर मुलं रडत नाहीत", "बघ, तो छोटा पण रडला नाही" हे तर बोलूच नका. रडायला परवानगी द्या: "रडायचं असेल तर रड, फक्त हात सैल सोड." हात सैल राहणं गरजेचं आहे, कारण आखडलेल्या स्नायूत टोचलं तर जास्त दुखतं. आणि आजपासून घरात एक नियम करा: "जेवली नाहीस तर डॉक्टरकाका सुई देतील" ही धमकी आजी-आजोबांसकट कुणीही द्यायची नाही. जी सुई घरात शिक्षा म्हणून वापरली जाते, ती दवाखान्यात मदत म्हणून कशी पटेल?

आता बसण्याबद्दल. तिला झोपवू द्यायचं नाही. तुम्ही खुर्चीवर बसा आणि तिला तुमच्याकडे तोंड करून मांडीवर घ्या, तिचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. छाती छातीला लागलेली. ज्या दंडावर डोस घ्यायचा नाही तो हात तुमच्या पाठीमागे, तुमच्या काखेखालून. ज्या दंडावर घ्यायचा आहे तो बाहेर, आणि त्याचं कोपर तुमच्या तळहातात हलकं धरलेलं. हे बाहेरून मिठीसारखंच दिसतं, पण हात पुरेसा स्थिर राहतो आणि आणखी कुणी धरायची गरज उरत नाही. हे घरी भातुकली खेळताना दोनदा करून बघा, तिच्या बाहुलीलाही असंच मांडीवर घेऊन डोस द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदनेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हेच आहे: पालक जवळ हवेत, लहान मुलांना कुशीत धरायचं, उताणं झोपवायचं नाही.

तिला निवडायला द्या, पण जे खरोखर तिच्या हातात आहे तेच. "डावा हात की उजवा? बघायचं की तोंड फिरवायचं? फुगे फुंकणार की खोकणार?" असं विचारा. "घेऊया का डोस?" हे विचारू नका. ती नाही म्हणाली आणि तरी दिलात, तर तिच्या लेखी तुम्ही पुन्हा खोटं बोललात.

लक्ष दुसरीकडे वळवणं म्हणजे डोळ्यांसमोर मोबाइल धरणं एवढंच नाही, तोही चालतो म्हणा. मूल स्वतः काही करत असेल तर उपयोग जास्त होतो. साबणाचे फुगे फुंकायला द्या, कारण फुंकताना श्वास लांब होतो आणि अंग सैल पडतं. भिरभिरं असेल तर तेही छान. चार वर्षांवरच्या मुलांसाठी खोकल्याची एक युक्ती आहे: आधी एकदा सरावाचा खोकला, मग "आता मोठ्याने खोक" म्हणायचं आणि त्या दुसऱ्या खोकल्याच्या क्षणी सिस्टर टोचतात. बिनखर्चाचं आहे आणि पुष्कळ मुलांना चालतं. फक्त हे सगळं सुई दिसण्याआधी सुरू व्हायला हवं आणि टोचून झाल्यावरही थोडा वेळ चालू राहायला हवं. मूल आधीच किंचाळत असताना फुग्यांची बाटली पुढे केली तर ते ती भिरकावून देतं. काही मुलांना मात्र सुई बघायचीच असते, न बघता जास्त भीती वाटते. अशा मुलाचं तोंड जबरदस्तीने फिरवू नका.

तुमच्या मुलीची भीती जुनी आणि खोल आहे, म्हणून तिच्यासाठी बधिर करणारं मलम वापरावं असं मला वाटतं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन एकत्र असलेलं हे मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळतं. टोचायच्या जागी जाडसर थर द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि एक तास थांबायचं. लोक बहुतेक वेळा या तासातच चुकतात. दहा मिनिटांत पुसून टाकलेल्या मलमाचा काही उपयोग होत नाही. जागाही आधी नक्की विचारून घ्या, कारण दंडाच्या एका भागावर मलम आणि सुई दुसरीकडे असं सर्रास होतं. त्वचा थोडी पांढरट दिसेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. मलमाने त्वचेची जाणीव कमी होते, लस स्नायूत शिरतानाचा दाब थोडा जाणवेल, तेही तिला आधी सांगा. लहान बाळांना मात्र हे मलम मनाने लावायचं नाही. प्रिलोकेन जास्त प्रमाणात शोषलं गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते. बाळाच्या वजनानुसार मलम किती, किती जागेवर आणि किती वेळ, हे ठरलेलं असतं आणि ते डॉक्टरच सांगतील. काही औषधं चालू असतील किंवा जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल तर मोठ्या मुलाच्या बाबतीतही आधी विचारा.

पॅरासिटामॉल आधी पाजून नेऊ नका. टोचण्याची वेदना त्याने कमी होत नाही, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत काही लसींचा प्रतिसाद कमी आढळला. नंतर ताप आला किंवा दंड ठणकला, तर वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा द्या. टोचल्यावर ती जागा चोळायचीही नाही, नुसता कापूस दाबून धरायचा.

काही गोष्टी सिस्टरच्या हातात असतात, आणि पालकांनी त्या विनयाने विचाराव्यात असं मी सिस्टर असून म्हणते. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्यावं, ओलं असताना टोचलं तर झोंबतं. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहायची जुनी सवय लसीसाठी लागत नाही. मांडी आणि दंडाच्या ठरलेल्या जागी मोठ्या रक्तवाहिन्या नसतात, आणि त्या ओढण्यात सुई जास्त वेळ आत राहते आणि हलते. एका दिवशी दोन-तीन टोचण्या असतील तर सर्वात झोंबणारी शेवटी. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात रांग मोठी असते हे मला माहीत आहे, पण यातल्या कशालाच जास्तीचा वेळ लागत नाही. उलट कुशीतल्या मुलाला डोस देणं झोपवून धरलेल्या मुलापेक्षा लवकर होतं.

आता बाळाबद्दल. दीड महिन्याला त्याला पोलिओ आणि रोटाचे (जुलाबाविरुद्धचे) थेंब, डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची लस) आणि उजव्या दंडावर त्वचेत पोलिओची छोटी मात्रा मिळेल. तोंडाचे डोस आधी घ्या. मग त्याला अंगावर घ्या आणि दूध प्यायला लागू द्या. नीट पकडून चोखू लागलं, की पाजत असतानाच टोचायला सांगा आणि नंतरही काही मिनिटं पाजत राहा. दूध, चोखणं, आईचा वास आणि कातडीचा स्पर्श हे सगळं एकत्र असल्यामुळे या वयात याच्याइतकं प्रभावी दुसरं काही नाही. पुष्कळ आज्या म्हणतात, की पिताना टोचलं तर ठसका लागेल किंवा बाळ अंगावर प्यायचं सोडेल. अनेक देशांत झालेल्या चाचण्यांत असं काही दिसलेलं नाही. लसीकरण कक्षात पाजायला संकोच वाटत असेल तर ओढणी घ्या, भिंतीकडे पाठ करून बसा, सिस्टरला सांगा. चांगली सिस्टर तुम्हाला आडोसा करून देईल.

पाजणं शक्यच नसेल तर साखरेचं पाणी कामाला येतं. दवाखान्यात २५ टक्क्यांचं ग्लुकोज असतंच. नसेल तर एक चमचा साखर दोन चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून, त्यातलं एक-दोन मिलिलिटर टोचण्याच्या दोन मिनिटं आधी जिभेवर थेंब थेंब सोडायचं. परिणाम काही मिनिटंच टिकतो, म्हणून नाव पुकारल्यावर द्या, घरून निघताना नको. हे फक्त टोचण्यापुरतं आहे, एरवी रडणं थांबवायला वापरायचं नाही. आणि साखरेऐवजी मध कधीही नाही. एक वर्षाच्या आत मधातून बोटुलिझमचा (एका गंभीर विषबाधेचा) धोका असतो, घरी कितीही जुनी प्रथा असली तरी.

पुन्हा कधी रक्त काढायची किंवा सलाईन लावायची वेळ आलीच, तर काय मागायचं ते माहीत असू द्या. डेंग्यूच्या दिवसांत वॉर्ड भरलेले असतात, सगळे थकलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच मुलांचे हाल होतात. आजच्या सगळ्या तपासण्या एकाच वेळी रक्त घेऊन होतील का, हे विचारा. सलाईनची सुई लावतानाच नमुना घेता येईल का, हेही विचारा. अमुक तपासणी रोज लागेलच का, हे डॉक्टरांना विचारण्यात उद्धटपणा नाही. टोचायचा हात आधी कोमट कपड्यात गुंडाळून ठेवला तर शीर वर येते. दोन प्रयत्न फसले की तिसरा दुसऱ्या, जास्त सरावलेल्या हाताने करावा, हे कुणालाही सांगता येतं. आणि शक्य असेल तर हे सगळं मुलाच्या पलंगावर करू देऊ नका, बाजूच्या खोलीत न्या. पलंग ही दवाखान्यात त्याची एकमेव सुरक्षित जागा असते. तिथेच टोचलं की ते झोपेतही दचकू लागतं.

ज्यांना पुन्हा पुन्हा टोचावं लागतं त्या मुलांबद्दल स्वतंत्रच लिहायला हवं, पण दोन गोष्टी इथे सांगते. मधुमेहाच्या मुलांना इन्सुलिन पेनची ४ मिलिमीटरची सुई पुरते. दर वेळी नवी सुई आणि नवी जागा घ्या, आणि फ्रिजमधलं गार इन्सुलिन लगेच टोचू नका, झोंबतं. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांच्यासाठी मलम, मिठी आणि ठरलेला क्रम प्रत्येक वेळी तसाच ठेवावा. सवय झाली म्हणून त्यांना दुखत नाही असं नसतं, ती फक्त सांगायचं थांबवतात. दहा आणि सोळा वर्षांच्या टीडीला (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीला) किंवा एचपीव्हीला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीला) आलेली मोठी मुलं कधी कधी चक्कर येऊन पडतात. अशा मुलांना मात्र आडवं करूनच डोस द्यावा, पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू आवळून सोडायला सांगावं आणि १५ मिनिटं बसवून ठेवावं.

डोस झाल्यावरचं बोलणं पुढच्या वेळची तयारी असते. "काल किती रडलीस गं" असं घरी सगळ्यांना सांगितलं, तर तिच्या मनात तेवढंच उरेल. त्याऐवजी खरं घडलेलं, नेमकं चांगलं सांगा: "तू हात सैल ठेवलास. फुगे फुंकत राहिलीस. आणि तीन म्हणायच्या आत संपलं." रात्री बाबांना तिलाच सांगू द्या. बक्षीस द्यायचं तर ते रडण्या-न रडण्यावर ठेवू नका.

एवढं करूनही ती कक्षाच्या दारात थिजली, तर त्या दिवशी ओढून आत नेऊ नका. हा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान घ्यायचा असतो, तुमच्या हातात थोडा वेळ आहे. एक दिवस नुसतं जाऊन खुर्चीवर बसून या. दुसऱ्या दिवशी सुई नसलेली सिरिंज हातात घेऊ द्या, बाहुलीच्या दंडाला कोरडा कापूस लावू द्या. मग स्पिरिटचा कापूस, वासाची सवय होईपर्यंत. ती शांत राहील त्या पायरीवर थांबायचं आणि तिथून पुढे जायचं. वास आला की झोप उडणं, उलटी होणं, दिवसेंदिवस तेच बोलत राहणं असं काही होत असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. या भीतीवर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. पण तातडीच्या वेळी, म्हणजे कुत्रा चावला किंवा ताप डोक्यात गेला, तेव्हा थांबता येत नाही. तेव्हाही मांडीवर घ्या, खरं बोला आणि तुम्ही खोलीतच राहा.

दोघांना एकाच दिवशी नेऊ नका. भाऊ रडताना ऐकून तिचा धीर खचेल, आणि तिच्या किंकाळीने बाळ दूध सोडेल. बाळाचे डोस लांबवायचे नाहीत, ते ठरल्या दिवशी आधी उरका आणि तेव्हा मुलीला आजीजवळ ठेवा. तिच्यासाठी गर्दी कमी असेल असा वेगळा दिवस सिस्टरला आधी विचारून ठेवा, आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य असं असू द्या: "हिला आधी खूप त्रास झालाय, मी मांडीवर घेऊन बसणार आहे, आम्ही तयार झालो की सांगते."